भद्रूचा अंगठा

३ एप्रिल, लातूर

ही दोनशे पानी वही मी अर्जांच्या नकला ठेवायला घेतली होती. सत्तावीस अर्ज झाले, उत्तर एकाचंही नाही. नकला कुणासाठी ठेवून राहिलो हे मलाच कळेना, म्हणून उरलेल्या पानांत आजपासून रोजचं लिहिणार आहे.

मुलाखतीची सवय राहावी म्हणून आधी स्वतःची ओळख देतो. वीरभद्र ईश्वरप्पा, राहणार मुखेड, जिल्हा नांदेड. वय तेवीस. नांदेडच्या कॉलेजातून बी.कॉम., सेकंड क्लास, तोही काठावर. शिक्षण सरकारच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर. म्हणजे शिकताना शिष्यवृत्ती म्हणून मिरवायचं आणि शिकून झालं की कर्ज म्हणून फेडायचं. जामीन आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान शिवलिंगअप्पा, ज्यांच्या घरी मी सध्या दोन्ही वेळ जेवून राहिलो.

लातूर गेल्या ऑगस्टात जिल्हा झालं. मुखेडच्या बाजारात बातमी आली तेव्हा माझे वडील, अप्पा, म्हणाले, "नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नव्या कचेऱ्या म्हणजे नवी टेबलं, अन् टेबलामागं माणूस लागतंच की." एवढ्या आधारावर मी नांदेडच्या रोजगार कार्यालयातलं माझं कार्ड अक्काच्या पत्त्यावर लातूरला बदलून घेतलं. तिथल्या बाबूनं सांगितलं होतं की इथला नंबर जाईल, तिथं नव्यानं शेवटी उभं राहावं लागेल. मी म्हटलं, चालतंय. तिसऱ्याच आठवड्यात माझ्या मागच्या नंबरच्या पोराला नांदेडात कॉल आला. तो आता पंख्याखाली बसतो. मी त्याला अभिनंदनाचं पत्र टाकलं, अक्षर चांगलं काढून.

माझी एक गोष्ट मात्र तयार आहे, ती म्हणजे सही. साहेब झाल्यावर पंचाईत नको म्हणून सेकंड इयरपासून गिरवली आहे. 'वी' ला लांब शेपूट, शेवटी आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कॉमर्सच्या अभ्यासाला एवढे कष्ट घेतले असते तर फर्स्ट क्लास आला असता.

९ एप्रिल

नोटीस आली. माझ्या नावाची माझ्याकडे आणि जामीनदाराची दाजींच्या दुकानात. पहिला हप्ता पंचावन्न रुपये, एक जूनपर्यंत. नाही भरला तर जामीनदाराकडून वसुली.

दाजींचं दुकान बादल्या, घमेली, दोर, पत्र्याच्या टाक्यांचं. दुष्काळामुळं टाक्या बऱ्या खपतात. त्यांनी नोटीस वाचली, घडी केली, तराजूखाली ठेवली आणि गिऱ्हाइकाला बादलीचा भाव सांगितला. दाजी मुळातच कमी बोलतात. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अक्काच्या घरात अजून कुणी मला टोचून बोललं नाही. ते दाजींच्या पैशानं हप्ता गेला की सुरू होईल आणि मला नाही, अक्काला ऐकावं लागेल. मला ते नको आहे. एक जूनचे पंचावन्न रुपये माझ्या कमाईचे पाहिजेत, बाकी काही मागणं नाही.

१२ एप्रिल

एका नव्या कचेरीत मुलाखत. जागा दोन, उमेदवार तीनशेच्या वर. खुर्च्या अजून यायच्या होत्या, म्हणून साहेबसुद्धा उभे.

"अनुभव?" त्यांनी विचारलं.

"मिळाला तर घेईन, सर."

साहेब हसले. बाहेर आल्यावर कळलं की उत्तर हुशारीचं होतं, कामाचं नव्हतं. टँकर यायच्या आत घरी पोचलो आणि अक्काच्या चार घागरी भरून दिल्या. ह्या कामात माझा अनुभव दोन महिन्यांचा आहे.

१८ एप्रिल

लिहू का नको, असं सकाळपासून चाललंय. ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा लिहितो.

आजपासून मी रोजगार हमीच्या कामावर जातो. औशाच्या रस्त्यानं दीड तास चाललं की पाझर तलावाचं काम चालू आहे. मागेल त्याला काम आहे, मुलाखत नाही, खुर्चीचा प्रश्नच नाही. इस्त्रीचा सदरा घालून घरून निघालो, कामाच्या अलीकडं एका बाभळीखाली कपडे बदलले, चांगले कपडे फांदीला टांगले.

मस्टरवर नाव घेणारा हजेरी कारकून अण्णाराव. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा असेल, चष्मेवाला. ह्या पदाला मॅट्रिक पास लागतो. त्यानं नाव विचारलं. वीरभद्र ईश्वरप्पा हे नाव सत्तावीस अर्जांवर गेलेलं आहे, तेच नाव माती उचलणाऱ्यांत कसं घालू? मी म्हटलं, "भद्रू."

"सही का अंगठा?"

आता माझ्याकडं सही एकच आहे, ती शेपटाची आणि दोन टिंबांची. ती मस्टरवर काढली असती तर सगळे उठून उभे राहिले असते. मी अंगठा पुढं केला. जांभळी शाई लावली, मस्टरवर माझ्या नावापुढं, रकान्याच्या बरोबर मधोमध टेकवला. एक रेघ बाहेर गेली नाही. बाकीचे एकेक येऊन "कुठं लावू, साहेब?" म्हणून विचारत होते, अण्णाराव त्यांचा हात धरून जागा दाखवत होता. माझ्यामुळं त्याचा तेवढा वेळ वाचला.

माझ्या टोळीत नऊजण. म्होरकी कोंडाबाई, पन्नाशीची, आवाज खणखणीत. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "ह्याच्याकडं कुदळ नका देऊ, पायावर मारून घेईल. घमेलं द्या." मला पूर्णपणे अडाणी समजली. नाटक चांगलं वठलं म्हणायचं.

२३ एप्रिल

हातांना फोड आले आहेत. अक्काला सांगितलं की कचेरीत तात्पुरतं काम मिळालंय, फायली बांधायचं, सुतळीनं हात कापतात. तिनं लगेच खोबरेल तेल दिलं. डब्यात दोनच्या चार भाकरी घालू लागली आहे आणि वर कांदा. म्हणते, "फायली लई जड असतेल." भोळी आहे बिचारी. तिला काही कळू न देणं सोपं जातंय.

काल तिनं माझ्या सदऱ्याची पाठ शिवून दिली. बाभळीचे काटे लागून दोन ठिकाणी फाटला होता. कशानं फाटला म्हणून विचारलंसुद्धा नाही.

अप्पांनाही पत्र टाकलं. 'लातूर येथे सरकारी कामावर रुजू झालो आहे, काम तात्पुरते आहे.' ह्यातला एकही शब्द खोटा नाही, हे मी दोनदा तपासून पाहिलं.

३० एप्रिल

पहिला पगार. इथं ठरलेला रोज नाही, खोदलेल्या मातीच्या मापावर पैसे असतात. टोळीला एक खड्डा आखून देतात. आठवड्यानं लांबी, रुंदी, खोली मोजायची आणि गुणाकार करायचा. माझ्या हाताला सत्तावीस रुपये आले.

आता खरी गंमत. अण्णाराव आकडे मांडून राहिला होता आणि मी समोर उभा राहून उलटे वाचत होतो. खोली सगळीकडं सारखी नसते, म्हणून तीन ठिकाणी मोजून सरासरी काढतात. छापील कागदावर खोलीसाठी रकाने मात्र चार आहेत. अण्णारावनं तीन भरले, चौथा रिकामा सोडला, तिन्हींची बेरीज केली आणि चारानं भागली. म्हणजे टोळीच्या घामाचा चौथा हिस्सा रिकाम्या रकान्यात गेला. सत्तावीस नाही, छत्तीस व्हायला पाहिजे होते.

लबाडी नव्हे. लबाड माणूस एवढ्या मनापासून, जीभ बाहेर काढून भागाकार करत नाही.

कोंडाबाईनं पैसे पदराला बांधता बांधता मला विचारलं, "हिशोब बरोबर हाय का रं, भद्रू?"

"मला काय कळतंय, मावशी."

"हाव, तेबी खरंच," म्हणाली आणि माझ्याकडं बघत राहिली. मी घमेलं उचलून उगीच धूळ झटकली.

५ मे

आज मेलोच होतो. दुपारी कामावर एक टेम्पो आला, नवी घमेली घेऊन, आणि पुढच्या सीटवर दाजी. मी दगडांच्या ढिगामागं आडवा झालो आणि टेम्पो जाईस्तोवर उठलो नाही. कोंडाबाईला म्हटलं, पोटात कळ आली. दाजींनी मोजून माल दिला, सही घेतली, गेले. बघितलं नसणार, त्यांचा डोळा मालावर असतो.

रात्री जेवताना त्यांनी टायरच्या तळाच्या चपलांचा एक जोड माझ्यापुढं सरकवला. "दुकानात पडून होता. तुझ्या मापाचा दिसतोय." दुकान बादल्यांचं, तिथं चपला कुठून पडून राहतात कोण जाणे. पण वेळेवर मिळाल्या, माझ्या जुन्या चपलेचा तळ कालच गेला होता. योगायोग म्हणायचा.

१० मे

अप्पांचं कार्ड. 'चि. वीरभद्र यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र सर्व बाजारात वाचून दाखविले. सर्वांस आनंद झाला. तुझ्या हाताखाली किती माणसे आहेत ते कळविणे. पहिल्या पगारातून काही पाठविलेस तर मठात प्रसाद करू, लोक विचारतात.'

माझ्या हाताखाली सध्या माती आहे. परवा दुसऱ्या आठवड्याचेही सत्तावीसच मिळाले, तोच चौथा रिकामा रकाना. दोन पगार मिळून चोपन्न झाले होते. त्यातले पन्नास, कमिशन धरून, आज मनीऑर्डरनं मुखेडला पाठवले. हप्त्यासाठी चार रुपये उरले. बी.कॉम. माणसाचा हिशोब आहे हा. एका खोट्याला नाव ठेवायला जागा नको म्हणून एवढी काळजी घेतली, त्या खोट्याचा प्रसाद आता सगळं मुखेड खाणार.

तरी मी बसून मांडलं. टोळीला दोन आठवड्यांचे बुडालेले पैसे मिळाले तर माझे अठरा येतात. पण मिळणार कसे? कुणीतरी बोलायला पाहिजे. बोलायला वाचता यायला पाहिजे. आणि वाचता येत असेल तर सरकारी मस्टरवर खोट्या नावानं अंगठा लावला कसा, हे सांगायला पाहिजे. ह्यावर गुन्हा होतो का, मला माहीत नाही. झाला तर कुठल्याही कचेरीची नोकरी जन्मात मिळणार नाही. म्हणजे माझ्या आठ टोळीवाल्यांच्या पोटावर मी माझ्या न लागलेल्या नोकरीसाठी मारून राहिलो. हे असं लिहिल्यावर वाचवत नाही.

१४ मे

आज बोललो. बोललो म्हणणं जास्त होईल, तोंडातून निघून गेलं.

तिसऱ्या पगाराचा दिवस. ओव्हरसियर साहेब आले होते. अण्णारावनं जीभ बाहेर काढली, बेरीज केली, चारानं भागायला घेतली. कोंडाबाईची सून चौथ्या महिन्याची पोटुशी आहे, ती आठवडाभर माझ्याबरोबर घमेली वाहत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हणालो, "तीनानं भागा."

अण्णारावनं वर बघितलं. "काय?"

"खोली तीन ठिकाणी मोजली. चौथा रकाना रिकामाय, शून्य न्हाई. तीनानं भागायला पाहिजे. मागल्या दोन्ही आठवड्यांना बी असंच झालंय." आणि एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक, पण सवय वाईट. मी तिन्ही आठवड्यांचे दरडोई फरक पैशांसकट सांगून टाकले, तोंडी.

ओव्हरसियर साहेबांनी कागद ओढून घेतला, स्वतः भागाकार केला आणि मग माझ्याकडं बघितलं. "शिकलेला आहेस?"

मी उत्तर द्यायच्या आधी कोंडाबाई म्हणाली, "आता न्हाई म्हणतो का साहेब? आमाला पैल्या दिवशीच कळलंय."

"पहिल्या दिवशी कसं?" हे मीच विचारलं.

"अडाणी माणूस कुठं लावू म्हणून इचारतंय, बाबा. तू बघून न बघितल्यावानी आपल्याच नावाम्होरं नेमका लावलास. आमी म्हनलं, असंल काहीतरी आडचन, कशाला इचारा. हिशोबाचं मातर मी इचारलं व्हतं तुला."

विचारलं होतं. मला खूप लाज वाटली, अंगठ्याची नाही, 'मला काय कळतंय' म्हणालो त्याची.

ओव्हरसियर साहेब रागावले नाहीत. फरकाचे पैसे मंजूर करून महिनाअखेर देऊ म्हणाले. आजचे सत्तावीस आजच मिळाले. जाताना मला म्हणाले, "हे मस्टर संपेस्तोवर अंगठाच लाव. मध्येच सही आली तर वरचे लोक मला विचारतील की हा माणूस शिकला कधी."

संध्याकाळी अण्णाराव माझ्याबरोबर बाभळीपर्यंत चालत आला. मला वाटलं भांडायला आला. त्यानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "गणितात मी कच्चाच. माझा विषय इतिहास." मग हळूच म्हणाला, "एम.ए. आहे मी. जागा मॅट्रिकची होती, जास्त शिकलेला दिसला तर घेत नाहीत, म्हणून लपवलं. कर्जाऊ शिष्यवृत्ती होती ना, हप्ता सुरू झाला." मी म्हटलं, माझाही एक जूनला. मग आम्ही दोघं बाभळीखाली बसून बराच वेळ हसलो. हसण्यासारखं फार नव्हतं.

२० मे

अण्णारावला उदगीरच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायला बोलावलंय. कायम नाही, पण इतिहास आहे. जाताना त्यानं ओव्हरसियर साहेबांना माझं नाव सांगितलं. साहेबांनी विचारलं, "शिक्षण?"

अण्णाराव मागून मान हलवून खुणावत होता.

"मॅट्रिक," मी म्हणालो.

"शाळेचा दाखला आण."

तो पेटीत आहेच. झालो मी हजेरी कारकून. एका महिन्यात निरक्षराचा मॅट्रिक झालो, ह्या चालीनं गेलो तर चार-पाच महिन्यांत पुन्हा बी.कॉम. होईन. पगार महिन्याचा, पहिला जुलैत. म्हणजे एक जूनला त्याचा उपयोग नाही. चौदा तारखेनंतर टोळीला नवा खड्डा आखून मिळालेला नाही, म्हणून हातात एकतीसच रुपये आहेत.

३० मे

फरकाचे पैसे आले. ओव्हरसियर साहेब मस्टर माझ्यापुढं टाकून म्हणाले, "वाटून टाक, आणि तुझ्या त्या भद्रूचाही हिशोब मिटव. त्याचं नाव पुढच्या मस्टरात नको."

मी नावं पुकारली. माणसं आली, "कुठं लावू?" म्हणाली, मी बोट धरून जागा दाखवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना असतो, 'माझ्यासमक्ष दिले', तिथं कारकुनानं सही करायची. मी साधी आद्याक्षरं टाकत गेलो. आठजण झाले. मग नववी ओळ आली.

"भद्रू," मी पुकारलं.

सगळे हसले. सूनबाईंनी तोंडाला पदर लावला. माझे सत्तावीस रुपये त्या ओळीत होते आणि अंगठ्याशिवाय ते निघत नव्हते. मी टेबलाच्या ह्या बाजूनं उठलो, त्या बाजूला जाऊन उभा राहिलो, अंगठ्याला शाई लावली. आणि ह्या वेळी रीतीप्रमाणं विचारलं, "कुठं लावू?"

कोंडाबाई पुढं आली. तिला अक्षर येत नाही. पण माझी ओळ तिच्या ओळीच्या खाली असते, हे तिनं लक्षात ठेवलं होतं. तिनं रकान्यावर बोट टेकवलं. "इथं लाव. नीट लाव."

मी लावला. पुन्हा ह्या बाजूला येऊन बसलो आणि 'माझ्यासमक्ष दिले'च्या रकान्यात सही केली. पूर्ण सही, शेपटाची, आडव्या रेघेची, खाली दोन टिंबांसकट. एवढी वर्षं गिरवलेली सही सरकारी कागदावर पहिल्यांदा उमटली, ती माझ्याच अंगठ्याची साक्ष म्हणून.

कोंडाबाईनं वाकून दोन्ही बघितलं. "सही बरीय," म्हणाली. "पर अंगठा सरळ पडलाय."

१ जून

सकाळी निघालो तर अक्कानं इस्त्रीचा सदरा हातात दिला आणि म्हणाली, "आता त्या बाभळीला टांगत जाऊ नको. दर वेळेस शिवून शिवून माझे डोळे दुखतेत." ती चुलीकडं वळून भाकरी थापू लागली. मी भोळी कुणाला म्हणत होतो, ते मागच्या पानावर लिहिलेलंच आहे, खोडत नाही.

हप्ता भरायला दाजी बरोबर आले. जामीनदाराला यावं लागत नाही, तरी दुकान उघडायच्या आधी आले. एकतीस आणि सत्तावीस, अठ्ठावन्न. पंचावन्न मोजून खिडकीत दिले. आतल्या बाबूनं चलन माझ्याकडं सरकवलं आणि कर्जदाराच्या सहीच्या जागेवर फुली करून दिली. फुलीशेजारीच शिक्क्याच्या शाईचं पॅड पडलं होतं.

दाजी माझ्या खांद्यावरून वाकले आणि हळूच म्हणाले, "बघ हं. अंगठा लावशील."

म्हणजे दगडांच्या ढिगामागचा मी दिसलो होतो आणि मस्टरवरचा अंगठाही कळला होता. मला एकदम रडू आलं आणि त्यातच हसू. चलनावर डोळ्यांचं पाणी पडू नये म्हणून मी घाईघाईनं सही केली. बाहेर आल्यावर चलनाची माझी प्रत बघितली, तर दोन टिंबं द्यायची राहून गेली होती. उरलेल्या तीन रुपयांत मी दाजींना चहा पाजला.